ओलं पोतं

परवा नातसुनेनं कांद्यावर व्हिनेगर ओतलं आणि त्या आंबट वासानं मला चिखलीतल्या आमच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन उभं केलं. तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा. हे कचेरीत कारकून होते आणि हौसेनं फोटो काढून फिल्म घरीच, त्या खोलीत, तसल्याच आंबट वासाच्या औषधांत धुवायचे.

वैशाखात ओली फिल्म दोरीवर टांगली की झळांनी भराभर वाळून तिची सुरळी होई. सरळ करताना ओरखडे पडत. हे खालच्या टोकाला कुलूप अडकवत, तरी ती वळायचीच. मग मी खिडकीला ओलं पोतं बांधू लागले. फिल्म सावकाश वाळू लागली आणि सरळ राहू लागली.

एकदा अकोल्याचे एक मास्तर घरी आले. फिल्म उजेडाकडे धरून म्हणाले, "इतकी सपाट कशी राह्यते हो तुमची?"

"डोकं लावा लागते, मास्तर. कुलपाची करामत हाये."

मी चहा घेऊन उभी होते. हळूच म्हटलं, "पोत्यानं होते ते."

"पोतं गारव्यासाठी हाये! तिले काय कयते त्यातलं?" हे हसले. मास्तरही हसले.

त्या दिवसापासून मी पोतं भिजवलं नाही. फिल्म पुन्हा वळू लागल्या. ह्यांनी उन्हाला दोष दिला, पाण्याला दिला, दुकानदारालाही विचारलं. मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, आणि कितीतरी वर्षं मला तो माझा विजय वाटला.

आता हे नाहीत. आमच्या तरुणपणाच्या फोटोंत दोघांच्याही चेहऱ्यांवर ओरखडे आहेत. पोरं विचारतात, तेव्हा फोटो जुने आहेत एवढंच मी सांगते.