खुर्चीतली लेझीम

डॉक्टरांनी अण्णांना व्यायाम करा म्हणून सांगितलं, तिथेच घोळ झाला. अण्णा म्हणजे माझे वडील. सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर आणि आमच्या वसाहतीच्या लेझीम पथकाचे म्होरके. त्यांना असं काही ऐकायचंच होतं. रक्तातली साखर नाचून उतरवायची, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. शिफ्ट सुटली की विहारापुढच्या मुरमाड मैदानात अनवाणी लेझीम सुरू. जयंतीची मिरवणूक एप्रिलात आणि यांची तयारी दिवाळीपासून.

एका सकाळी ते न्हाणीतून बाहेर आले, तर फरशीवरच्या ओल्या पावलांत लाल ठिपके. आईने त्यांचा पाय धरून उलटा केला. चवड्याखाली आठ आण्याच्या नाण्याएवढं भोक पडलं होतं.

“दुखतच नाय, तर जखम कसली?” अण्णा म्हणाले.

मला अजून शहारा येतो तो त्या भोकामुळे नाही, त्या न दुखण्यामुळे.

एका दवाखान्यात पाऊल कापण्याची भाषा झाली. अण्णांनी घरी येऊन लेझीम खुंटीला टांगली आणि जेवायला उठलेच नाहीत. मग शेजाऱ्यांनी एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. कुष्ठरोग्यांचे पाय वाचवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी जखमेभोवतीची टणक कातडी तासली, आत पू नाही याची खात्री केली आणि सरळ गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं.

“अहो डॉक्टरसाहेब, जखम अशी कोंडली तर सडंल ना?” आई घाबरून म्हणाली.

“तिला हवा नको आहे, बाई. तिच्यावरचा भार जायला हवा. कुष्ठरोग्यांसारखंच साखरेमुळे यांच्या पायाला दुखणं कळत नाही, म्हणून हे थांबत नाहीत. आता आपणच थांबवू.”

“अन् माझा व्यायाम?” अण्णांनी विचारलं.

“बसून करा. कमरेच्या वर हवा तेवढा.”

मग मैदानात लोखंडी खुर्ची आली. पाय स्टुलावर, हातात लेझीम. पोरं पुढे उभी राहून अण्णांच्या हातांकडे बघत शिकायची. बसल्या जागी घामाघूम होणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

पहिलं प्लास्टर बदलताना आई नाकाला पदर लावून बसली होती. पाय उघडला आणि तिचा पदर आपोआप खाली आला. भोक लहान झालं होतं. कडेने कोवळी, गुलाबी कातडी आत सरकत होती. आपण मध्ये तडमडलो नाही तर माणसाचं अंग स्वतःला असं गुपचूप विणून काढतं, हे बघून मी थक्क झाले.

पण जयंती आली तेव्हा जखम अजून पुरती भरली नव्हती. अण्णांना खुर्चीसकट हातगाडीवर बसवलं. चौकात हलगी चढली. पथकाची उडी घेण्याची जागा आली आणि अण्णांचं अख्खं अंग खुर्चीतून उठायला निघालं. आईने गाडीचा दांडा घट्ट धरला. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस उडी मारणार आणि पाय जाणार. अण्णांनी डोळे मिटले, दोन्ही हात वर नेले आणि सावकाश खाली आणले. अख्खं पथक भर रस्त्यात मांडी घालून खाली बसलं. बसल्या बसल्या पन्नासेक लेझिमी एकदम वाजल्या. इतक्या वर्षांत मी अशी लेझीम ऐकली नव्हती. मला रडू फुटलं.

पुढे शेवटचं प्लास्टर निघालं, तेव्हा भोकाच्या जागी नुसती चकचकीत कातडी होती. “आता कायम मऊ बूट घाला आणि रोज तळवा बघत जा,” डॉक्टर म्हणाले. अण्णा तळव्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले.

“पायाला माझा हात कळत नाय,” ते म्हणाले. मग आईकडे बघून हसले. “पण हाताला पाय कळतोय.”

त्यानंतर कामावरून आले की ते बूट काढून आधी तळव्यावरून हात फिरवायचे आणि मगच चहा मागायचे.