ग्राउंड म्हणजे जमीन

तुमच्या बाबाने परवा फोनवर सांगितलं की तुमच्या नव्या गाडीत गाण्यांची सगळी यंत्रणा आधीच बसवून आली आहे, आणि ती वेगळी बसवावी लागते हे तुम्हांला ठाऊकच नाही. मला ठाऊक आहे. आमच्या नारपोलीच्या अंगणात ती दोनदा बसवली गेली, एकदा चुकीची आणि एकदा बरोबर. चुकीची बसली ती माझ्यामुळे. तेव्हा क्रमाने लिहिते.

आधी आजोबांच्या कानांविषयी. घराच्या मागच्या भिंतीला लागून त्यांचा कारखाना होता, त्यात बारा लूम, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग. तीस वर्षं ते दिवसाचे दहा तास त्या आवाजात उभे राहिले. कारखान्यात कोणी कोणाचं ऐकत नसे, ओठ बघून बोलणं चाले. त्यामुळे त्यांना ऐकू येईनासं झालंय हे आम्हांला उशिरा कळलं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोनची घंटा, मग बायकांचे आवाज. जड आवाज मात्र शिल्लक राहिले: ट्रकचं इंजिन, दार आपटणं, गणपतीतला ढोल. डॉक्टरांनी कानाला लावायचं यंत्र दिलं. ते त्यांनी तीन दिवस लावलं आणि चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवलं. म्हणाले, "डब्यात खिले हलवल्यासारका आवाज येतो. मना नको."

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी तुमच्या बाबाचं लग्न ठरलं होतं. लूम विकून चार वर्षं झाली होती.

तुमची पणजी, म्हणजे आजोबांची आई, धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून पुढचे विधी धवलारीण आपल्या गाण्यांनी चालवते, त्या गाण्यांना धवले म्हणतात. पणजीला आसपासच्या गावांतून बोलावणं येई. मी ठाण्याच्या शाळेत इंग्रजीतून शिकून या घरात आले होते, मला त्यातलं अर्धं कळत नसे. तिने एकदा दुपारी ओटीवर बसून आजोबांच्या टेपरेकॉर्डरवर सगळे धवले गाऊन ठेवले होते. ती कॅसेट होती. पणजी गेली, कॅसेट राहिली, आणि आजोबांच्या कानांतून बायकांचे आवाज गेले.

मुलाच्या हळदीच्या आधी आईचा आवाज एकदा ऐकायचा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते त्यांनी एकदाच सांगितलं. पुन्हा सांगायची त्यांची पद्धत नव्हती.

मी माझ्या परीने उपाय केला. कॅसेट ऐकून सगळे धवले वहीत उतरवले, प्रत्येकाला क्रमांक दिला, मागे अनुक्रमणिका केली. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली आणि परत दिली.

"अक्षर चांगला हाय," ते म्हणाले. "पन हे शब्द हायत. आई न्हाय."

दुसरा उपाय तुमच्या बाबाला सुचला. तो तेव्हा राहनाळला एका गोदामाच्या ऑफिसात कामाला होता. तिथल्या एका मित्राच्या गाडीतून तो आणि आजोबा अंबाडीहून परत येत होते. त्या गाडीच्या डिकीत सबवूफर होता. सबवूफर म्हणजे लाकडी खोक्यात बसवलेला परातीएवढा स्पीकर, तो फक्त जड आवाज वाजवतो. बाबाने मागे वळून पाहिलं तर आजोबा दारावर बोटांनी ठेका धरत होते. कित्येक वर्षांत त्यांनी असं केलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात आमच्या गाडीच्या डिकीत तसं खोकं आलं, सोबत अँप्लिफायर आला, वायरींची गुंडाळी आली आणि एक इंग्रजी पुस्तिका. कॅसेटची बाबाने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सीडी करून आणली.

वायरिंग कोणी करायचं हा प्रश्न नव्हता. आमच्या कारखान्याचा वायरमन होता. वीस वर्षं तो आजूबाजूच्या लूमच्या मोटारी बघत होता. त्याचे वडील उत्तरेकडून आलेले, तो जन्मलेला इथलाच. मराठी आणि हिंदी तो एकाच वाक्यात बोले. आठवीत मी त्याला इंग्रजी शिकवलं होतं. पुढच्या गोष्टीत याला महत्त्व आहे.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. लाल जाड वायर बॅटरीपासून निघाली, वाटेत फ्यूज लागला, पायाखालच्या गालिच्याखालून ती डिकीत अँप्लिफायरपर्यंत आली. गाडीतल्या टेपमधून, सीडीही त्यातच वाजे, गाण्याच्या दोन बारीक वायरी आल्या. एक निळी वायर टेप सुरू झाला की अँप्लिफायरला जागं करायची. मी खुर्चीवर बसून पुस्तिका वाचत होते आणि एकेक ओळ मराठीत सांगत होते. सगळं नीट चाललं होतं. मग काळी वायर राहिली.

"टीचर, ये काली वायर कहाँ जाएगी? बघा ना, काय लिहिलंय?"

मी वाचलं. काळी वायर 'ग्राउंड'ला जोडा, असं लिहिलं होतं.

"ग्राउंड म्हणजे जमीन," मी सांगितलं.

वायरमन खुर्चीजवळ आला. मग त्याने माझ्या हातातल्या चित्राकडे पाहिलं. तिथे एक उभी रेघ आणि खाली लहान होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा होत्या. "हो, हे अर्थिंगचंच निशाण आहे," तो म्हणाला. "मीटरच्या पेटीवर पण असतं. पण टीचर, गाडीला अर्थिंग?"

"लिहिलंय तसं करावं," मी म्हणाले.

अर्थिंग आम्हां सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येक कारखान्याच्या मागे अर्थिंगचा खड्डा असे, त्यात कोळसा आणि मीठ घालून पाइप पुरलेला. उन्हाळ्यात जमीन सुकली की त्यात बादलीभर पाणी ओतायचं. आजोबा आमचे ओठ बघत होते. ते म्हणाले, "म्हंजे आता खड्डा गारीच्या मागं बांधून न्याचा काय?"

वायरमनला टँकर आठवला. बायपासवरून पेट्रोलचे टँकर जातात, त्यांच्या खाली एक साखळी रस्त्याला घासत असते. तशीच साखळी आपणही लावू, तो म्हणाला. साखळी शोधायला लांब जावं लागलं नाही. लूमवर सुताचा जो मोठा रूळ असतो त्याला बीम म्हणतात. सूत ताठ राहावं म्हणून त्या बीमला साखळीने वजन लटकवतात. लूम भंगारात गेले तेव्हा त्यातली एक साखळी मागे राहिली होती. ती त्याने डिकीखाली अशी बांधली की खालच्या दोन कड्या जमिनीला टेकल्या. काळी वायर साखळीला जोडली.

मग त्याने दोन वायरींचा बल्ब काढून वीज वाहते का ते तपासलं. बल्ब लागेना.

"जमीन सुकी आहे," तो म्हणाला.

मी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि त्यात दोन मुठी मीठ घातलं. हे मी स्वतः केलं, कोणी सांगितलं नव्हतं. साखळीखाली ओतलं. बल्ब तरीही लागला नाही. शेजारच्या वहिनी कुंपणापलीकडून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "काय वो बाई, गारीची दिष्ट कारताव का?"

"नाही, वायरिंग करतोय," मी म्हणाले.

"मंग मिरच्या पन टाका, बेस लागंल."

एवढं असूनही टेप सुरू केल्यावर अँप्लिफायरचा दिवा मिणमिणत लागला आणि सबवूफरमधून काहीतरी घरघरलं. जमिनीचा प्रवाह सुरू झाला, असं मी समजले. खरं काय होतं ते नंतर कळलं. विजेला परत जायला जी जाड वाट हवी होती ती आम्ही दिलीच नव्हती, म्हणून ती गाण्याच्या बारीक वायरीतून परत जात होती. इंजिन चालू केल्यावर आत एक शिट्टी सुरू झाली. बाबाने पाय दाबला की शिट्टी चढे, सोडला की उतरे. बाबाने तोंड वाकडं केलं. आजोबांना शिट्टी ऐकू येणं शक्य नव्हतं. ते मागच्या सीटवर दोन्ही तळवे सीटवर टेकून बसले होते.

"लागला का?" त्यांनी विचारलं.

"लागलं," मी ओठ नीट हलवून सांगितलं.

"मना काय येत न्हाय."

गाडी चालली की साखळी जमिनीला नीट घासेल, असं वायरमनचं मत पडलं. आम्ही चौघे राहनाळच्या दिशेने निघालो. साखळी खडखडत होती. नाक्यावर चहावाल्याने हाक मारली, "सेठ, पेट्रोल भरा है क्या? बीडी बुझाऊँ?" आणि त्याच्या बाकावरचे सगळे हसले. पुढच्या वळणाच्या आत जळक्या प्लास्टिकचा वास आला. बाबाने गाडी बाजूला घेतली. गाण्याची बारीक वायर मऊ होऊन वाकली होती. टेपचा आवाज पूर्ण गेला, आणि आत अडकलेली सीडी बाहेर येईना.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, आणि दार उघडून चालत घराकडे निघाले. कॅसेटची फीत सीडी करतानाच दोन ठिकाणी तुटली होती, हे त्यांना माहीत होतं. हळदीला नऊ दिवस राहिले होते.

त्या दुपारी मी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. आधीच तसं करायला हवं होतं. मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले होते की धडा पुरा वाचल्याशिवाय उत्तर लिहायला घेऊ नका. चौदाव्या पानावर खुलासा होता. ग्राउंड म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. बॅटरीचं एक टोक त्याला मुळातच जोडलेलं असतं. अँप्लिफायरची काळी वायर हातभराहून लांब नको, आणि जिथे ती जोडायची तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करायचं. मी जे इंग्रजी शिकले त्यात विजेच्या या वायरीला 'अर्थ' म्हणत. 'ग्राउंड' म्हणजे मैदान किंवा जमीन. पुस्तिका अमेरिकेच्या इंग्रजीत होती. तुम्ही तिथेच वाढलात, तुम्हांला ही चूक हास्यास्पद वाटेल.

संध्याकाळी मी वायरमनच्या दुकानात गेले आणि चूक माझी होती असं सांगितलं.

"मला शक होता, टीचर," तो म्हणाला. "लूमचं वायरिंग वेगळं, गाडीचं वेगळं. गाडीत बॉडीच मायनस असते, असं ऐकलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"आठवीत बोललो होतो एकदा. तुम्ही बेंचवर उभं केलं होतं."

"कशाबद्दल?"

"ते आठवत नाही. बेंच आठवतो."

 त्याने मला चहा दिला.

टेप दुरुस्त व्हायला पाच दिवस लागले. दुकानदाराने सीडी सहीसलामत काढून दिली. कडेला एक ओरखडा होता. पुढच्या शनिवारी वायरमन पुन्हा आला. डिकीतला गालिचा उचलला, पत्र्यावर एक बोल्ट होता तो सोडवला. रंग खरवडायला आजोबांनी त्याला हात लावू दिला नाही. त्यांनी स्वतः पॉलिश पेपर घेतला आणि रुपयाएवढी जागा चकाकेपर्यंत घासली. हातभर काळी वायर तिथे आवळून बसवली. बल्ब लगेच लागला. शिट्टी गेली.

बाबा पुढे बसला, मी आणि आजोबा मागे, वायरमन उघड्या दाराशी उभा. काचा वर केल्या. सीडी सुरू झाली आणि पणजी गायला लागली, हळदीचा पहिला धवला. दारांतल्या स्पीकरांतून तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. आजोबांचे हात सीटवर होते. त्यांचा चेहरा तसाच होता, आणि मला कळलं की आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. सबवूफर बाईचा आवाज वाजवतच नाही, तो त्याच्या कामाचा भागच नव्हे. हे चौदाव्या पानावर नव्हतं, पण ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग सीट थरथरू लागली. पणजी ओटीवर बसून गायली तेव्हा घराच्या मागच्या भिंतीपलीकडे कारखाना चालू होता. इतकी वर्षं घरातल्या छोट्या टेपरेकॉर्डरवर तो आवाज नुसती खरखर वाटायचा. आता डिकीतून बाराही लूमचे ठोके येत होते.

आजोबांनी मान वर केली.

"तिसरा लूम," ते म्हणाले. "ठोका चुकतंय. पिकर ढिला हाय."

आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याला धक्का देतो तो भाग म्हणजे पिकर. वायरमन दारातून वाकला आणि मोठ्याने, ओठ हलवत म्हणाला, "सेठ, तो लूम भंगारमध्ये गेला. चार साल झाली."

"तरी पन ढिला हाय," आजोबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आई गातंय?"

मी मान डोलावली.

"कोनचा धवला?"

वही माझ्या पिशवीत होती. मी पहिला धवला उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पणजी जिथे होती त्या शब्दावर बोट टेकवलं. ती पुढे गेली तसं बोट पुढे नेलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत ते नुसते बघत होते. तिसऱ्यात त्यांचे ओठ हलू लागले. तिची चाल त्या ठोक्यांवरच बसलेली होती, हे मला तेव्हा प्रथमच समजलं. त्या भिंतीशेजारी राहणाऱ्या बाईने आणखी कशावर बसवली असती? चौथ्या कडव्याला ते गात होते, बेसूर आणि मोठ्याने, पण शब्द तिच्या शब्दावर पडत होता. शेजारच्या वहिनी कुंपणाशी आल्या. 

तुमचा बाबा पुढच्या सीटवर होता, त्याने मागे वळून पाहिलं नाही. सीडीवर अकरा धवले होते. आम्ही अकराही पुरे केले. सातव्यात ओरखड्यामुळे एक ओळ उडाली, ती आजोबांनी वही न बघता म्हटली. मी नंतर तपासलं, बरोबर होती.