मडमबाईंचे नेचे

तीन माणसं आणि शे-दीडशे कुंड्या वर्षानुवर्षं एका मांडवाखाली राहिल्या, की किस्से शेवाळासारखे आपोआप साठतात. खरवडायला मीच उरलोय, म्हणून सांगतो!

सन पस्तीसच्या आसपास नाशकात एका मडमबाईंच्या बंगल्यावर मी माळी होतो. बाईंना वेड नेच्यांचं, त्या त्यांना फर्न म्हणायच्या. आंब्याच्या सावलीत बांबूच्या तट्ट्यांचा मांडव, आत नुसती हिरवी पानं. थोरले माळी युसूफचाचा, आणि आमच्या डोक्यावर मुकादम नाना. नानांना झाडांतलं ओ की ठो कळायचं नाही, पण आवाज खणखणीत!

*

"एवढं पाणी पितात, मग फूल का नाही?" नानांनी विचारलं.

"नाना, नेच्याला फूल येतच नाही," चाचा म्हणाले.

"येत नाही की तुम्ही येऊ देत नाही?"

पाहुणे यायच्या दिवशी नानांनी प्रत्येक कुंडीत एकेक झेंडू खोचला! बाई इतक्या हसल्या, की नानांना वाटलं, आता बढती नक्की!

*

एकदा इगतपुरीच्या घाटातून मी पोतंभर नेचे आणले. गाडीत शेजारची म्हातारी म्हणाली, "कसली भाजी रं ही?"

"आजी, ही खायची नाही, नुसती बघायची."

"मंग तुझा मालक लय जेवलेला दिसतोय!"

*

वैशाखात चाचा दिवसातून चारदा मांडवाची गोणपाटं भिजवायचे. बाहेर भट्टी, आत गारवा. त्यामुळे दुपारी सगळा बंगला आमच्याकडे! एकदा खानसाम्यानं तिथंच कांदे चिरायला घेतले. चाचांनी झारी उचलून सरळ त्याच्या डोक्यावर धरली.

"इथं बसायचं तर नेच्यासारखं बसायचं. गप्प आणि ओलं!"

*

एका पावसाळ्यात बाई सहा महिन्यांसाठी विलायतेला गेल्या. मागोमाग त्यांच्या लाडक्या नेच्यांच्या पानांना पाठीमागून तपकिरी ठिपके आले.

"कीड!" नाना ओरडले.

"नाना, बी आहे ते."

"बी कधी पाठीवर येतं का? पुसून काढ, नाहीतर उद्यापासून घरी बस!"

चाचांच्या घरी खाणारी सात तोंडं. आठ दिवस ते ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत होते आणि फडकं मोरीच्या विटांवर पिळत होते. मला रडू यायचं.

बाई परत आल्या, त्यांनी आधी पान उलटून बघितलं. "बी कुठाय? मला नवी रोपं करायची होती! कुणी पुसलं?"

"युसूफनं!" नाना पटकन बोलले.

"युसूफ, उद्यापासून येऊ नकोस."

चाचा एवढंच म्हणाले, "जातो मेमसाब. पण एकदा मोरी बघून घ्या."

मोरीच्या ओल्या विटांवर नखाएवढे नेचे उगवले होते. शेकड्यांनी! बाई चिखलात गुडघे टेकून बघतच राहिल्या.

चाचा नानांकडे वळले आणि अगदी अदबीनं म्हणाले,

"नाना, ही कीड आत्ता पुसू, की जेवण झाल्यावर?"