मावशीचे सहा दिवस

आमच्याकडे शेजारून पीठ उसनं आणलं की वापस करायचं, तेही वाटी शिगोशीग भरून. पण कुणी आपल्या वावरात राबलं तर त्याचे दिवस फेडायचे, आणि ते फेडायला स्वतः जायचं. एवढी साधी गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती. तरी मी माती खाल्लीच.

कापसाला सोन्याचा भाव आला होता ती सालं. समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई चालली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमची बोंडं मोलाची झाली होती. मी पहिल्या लेकीची बाळंतीण, वावर पांढरंफटक फुटलेलं, आणि वेचायला माणूस मिळेना. जो जास्त मजुरी देईल त्याच्याकडे मजूर पळायचे. तेव्हा आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून जिचं वावर होतं ती मावशी आपणहून आली. नात्याची नव्हे, पण मी सून होऊन आले तेव्हापासून तिला मावशीच म्हणायची. एकटी बाई. नवरा गेलेला, लेक सासरी. सहा दिवस तिनं आमचा कापूस वेचला, आणि जाताना म्हणाली, "माहा दुसरा वेचा आला की ये."

दुसरा वेचा आला तोवर आमचा कापूस अमरावतीच्या बाजारात विकला गेला होता. हातात पाटल्या आल्या होत्या, आणि खरं सांगते, डोक्यात हवाही शिरली होती. आता कुठं उन्हात वाकायचं? मी सहा दिवसांची मजुरी, वर थोडे पैसे जास्तच, फडक्यात बांधून गड्याबरोबर मावशीकडे पाठवली. वाटलं, खूश होईल बिचारी.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः आली. फडकं ओट्यावर ठेवलं, गाठसुद्धा सोडलेली नव्हती.

"मी काय तुही मजूर व्हय का?" एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

मला राग आला. मनात म्हटलं, एवढा तोरा! चार दिवस विहिरीवर ती माझ्याकडे पाहत नव्हती आणि मी तिच्याकडे. पाचव्या दिवशी आभाळ भरून आलं. धुऱ्यावरून पाहिलं तर तिचं अख्खं वावर फुटलेलं, आणि त्यात ती एकटी वाकलेली. पाऊस आला असता तर तिचा वर्षाचा कापूस मातीत गेला असता. माझा कापूस वेचायला ती आली होती, म्हणून तो वाचला होता. माझी मलाच लाज वाटली.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "मी मावशीकडे चालली."

तो म्हणाला, "मंग आतापर्यंत काहून थांबली होती?"

लेकीची झोळी मावशीच्या बाभळीला बांधली, पदराची ओटी केली आणि तिच्या शेजारची ओळ धरली. ती मान खाली घालून वेचत राहिली. दुपारी तिनं आपल्या भाकरीतली अर्धी माझ्यापुढे ठेवली. पाटल्या काट्याकुट्यात अडकायला लागल्या, तेव्हा काढून झोळीत ठेवल्या. ते पाहून मात्र ती पदराआड हसली. पाऊस दोन दिवस हुलकावण्या देत राहिला आणि तिसऱ्या दिवशी आभाळ मोकळं झालं. सहाव्या दिवशी संध्याकाळी जवळजवळ सगळा कापूस तिच्या घरात पडला. थोडीच बोंडं उरली होती, उशिरा फुटलेली.

सातव्या दिवशी सकाळी मी परत गेले. मावशी दारातच होती.

"तुहे सहा दिवस फिटले ना? आता काहून आली?"

"आजचा उसना ठेव, मावशी," मी म्हटलं. "पुढच्या साली फेडजो."

तिनं कोपऱ्यातली टोपली उचलून माझ्या हातात दिली.

"म्हणजे मले पुढच्या साली यावंच लागन," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी वावराकडे निघालो.