खळ्यातली राखेची रेघ

अगं ये, अशी जवळ सरक. कागदावरून बोलते आहे म्हणून लांब बसायचं असं थोडंच आहे. आणि आधी माझी बोलणी खा. आईला विचारू नकोस असं तुला दोनदा बजावलं होतं, तरी विचारलंसच ना, धनुष्य का सोडलंस म्हणून? ती म्हणाली असेल, हाताला घाम आला, उशीर झाला. मलाही तेच सांगितलं होतं तिनं. खोटं आहे ते. खरं काय ते मला कळून वीस वर्षं होत आली, आणि मला कळलंय हे तिला अजून माहीत नाही.

लोणीच्या आपल्या रानात विहिरीच्या अंगाला खळं होतं, ते तू पाहिलंस. आता नुसतं गवत आहे तिथं. पण माझ्या सासूच्या वेळेपासून त्याचा एक नेम होता. चप्पल बांधावर काढायची, वाकून भुईला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, मगच खळ्यात पाय टाकायचा. धान्य पडतं ना तिथं. पुढं मळणी यंत्र दारोदार फिरायला लागलं आणि खळं रिकामं पडलं. नेम मात्र मी मोडू दिला नाही.

तुझी आई आठवीत असताना शाळेत खेळाचे एक सर आले. त्यांनी पोरींच्या हातात बांबूची धनुष्यं दिली. घरी सरावाला जागा कुठली? खळंच. मी चुलीतली राख आणून तिला रेघ मारून दिली. समोर बांधाला टेकवून कडब्याची कुट्टी भरलेली पोती उभी केली. तुझे आजोबा म्हणायचे, "पोत्यावर नेम धरती खरं, पर एखाद दिशी म्हशीला लागंल बघ." म्हशीला काही लागलं नाही. बाण सोडायचे, बांधापर्यंत जाऊन उपटून आणायचे, परत खळ्यात यायचं. आणि दर खेपेला वाकून भुईला हात. दिवसातून किती वेळा, कुणी मोजलंय. मी भाकरी थापता थापता दारातून बघायची. ती वाकली की मला बरं वाटायचं.

पुढं ती निवडली गेली. शिबिरं झाली, बांबूचं धनुष्य जाऊन मोठं, तारा नि काड्या लावलेलं परदेशी धनुष्य हातात आलं. मग कळलं की भारताच्या तीन मुलींच्या संघात तिचं नाव आहे. एक झारखंडकडची, एक पार आसामची, आणि एक आपली लोणीची.

त्या साली दिवाळीला ती घरी आली ती चप्पल काढून सरळ खळ्यात गेली. वाकली नाही. मी बघितलं. म्हटलं, हे काय गं? तर म्हणाली, शिबिरातल्या सरांनी सोडायला लावलंय. संघाच्या खेळात तिघींत मिळून एकच घड्याळ असतं. एकीनं बाण सोडून मागं यायचं, मग दुसरीनं रेघेवर जायचं. एकीनं घालवलेली वेळ तिघींची जाते. वाकण्यात वेळ जातो, आई.

आता ऐकताना किती सोपं वाटतं ना? मला नाही पटलं. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. सणासुदीच्या दिवशी पोर माझ्या मागं मागं फिरत होती आणि मी तोंड फिरवून करंज्या लाटत होते. तिसऱ्या दिवशी तिला खळ्याकडं नेलं आणि तिचा हात माझ्या गळ्याला लावला. म्हटलं, "जिथं रेघ असंल तिथं भुईला हात लावल्याबिगर पाय टाकायचा न्हाई. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

आपल्याकडं शपथ घातली की घालणाऱ्यानंच "सुटली" म्हणावं लागतं, तुला माहीत आहे. परदेशात सामन्यांना जायच्या आदल्या सकाळी तिनं दिल्लीहून गावातल्या बूथवर फोन केला. मला बोलावून आणलं. इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच म्हणाली, "आई, सुटली म्हण ना."

मी म्हटलं, "का म्हणू?"

"तिथं माती नसती गं. हिरवळ असती नुसती."

"मग हिरवळीच्या खाली काय असतं?"

ती हसली. बूथवाला मुलाण्यांचा भाऊ पण हसला. आपण काय हुशारीचं बोललो असं मला वाटलं. फोन ठेवला. सुटली म्हटलं नाही.

तिसऱ्या नंबरच्या सामन्यात त्या हरल्या. मला एवढंच कळलं की वेळ संपल्यावर तिचा बाण सुटला. पेपरात एका ओळीत आलं होतं, वेळेचं भान न राहिल्यामुळं. मंचरच्या बाजारात भाजीवाली म्हणाली, "पोरीला एक घड्याळ घेऊन द्या की वयनी." मी भांडले तिच्याशी. आणि घरी येऊन काय केलं? तुझी आई परत आल्यावर, तिनं पाणी प्यायच्या आधी, मीच तिला म्हटलं, "एवढी शिकलीस, तुला साधं घड्याळ कळलं न्हाई?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "हाताला घाम आला व्हता, आई. उशीर झाला."

तेव्हा ती सांगू शकली असती. नाही सांगितलं.

धनुष्य तिनं शिबिराला परत करून टाकलं. स्थळं आली, पिंपळवंडीला लग्न झालं, तू झालीस. शाळेतले ते खेळाचे सर निवृत्त झाले तेव्हा मी मंचरला त्यांच्या घरी भेटायला गेले होते, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या आणि पेढे घेऊन. चहा झाल्यावर सर म्हणाले, वहिनी, त्या सामन्याची सीडी आहे माझ्याकडं, तुम्ही कधी बघितलीच नसेल. त्यांनी टीव्हीला लावली.

पांढरी रेघ होती. माझी लेक प्रत्येक खेपेला रेघेपाशी यायची, डाव्या हातात ते भलंमोठं धनुष्य, वाकायची, उजवा हात हिरवळीला, मग कपाळाला, मग पुढं. बाकीच्या दोघी सरळ जायच्या. शेवटच्या फेरीत शेवटचा बाण तिचा होता. घड्याळाचे आकडे पडद्यावर भराभर उतरत होते. मागून झारखंडची पोर ओरडत होती. आणि ती वाकली. मी सरांच्या घरात खुर्चीवर बसून म्हणाले, नको गं. सर माझ्याकडं बघायला लागले.

बाण नऊवर लागला. चांगलाच लागला. पण घड्याळ संपलं होतं. उशिरा बाण सुटला की त्या फेरीतला संघाचा सगळ्यात चांगला बाण कापतात, सर म्हणाले. तुझ्या आईचा नऊ राहिला. कापला तो त्या झारखंडच्या पोरीचा दहा. तो राहिला असता तर मेडल तिघींचं होतं.

त्या पोरीचं घर मी पाहिलेलं नाही, तिची आई कोण मला माहीत नाही. पण तिचा दहा माझ्यामुळं गेला. एका लेकीचं वाटोळं करून माझं भागलं नाही.

एसटीनं घरी आले आणि सरळ खळ्यात गेले, पायात चप्पल तशीच. सासूचा नेम मोडला. काही वाटलं नाही. त्या दिवसापासून मी ते सारवलं नाही.

तुझी आई येते ती सणापुरती. विहिरीवर जायचं झालं तर खळ्याला वळसा घालून बांधाबांधानं जाते, तू बघितलं असशील. तिला वाटतं मला कळत नाही. मी किती वेळा "सुटली" म्हणायचं ठरवलं, ओसरीवर तिच्याशेजारी बसून. तोंडाशी येतं आणि मी विचारते, चहा टाकू का? एक शब्द आहे नुसता. आता म्हणून तरी काय होणार आहे? गेलेला दहा परत येत नाही, तिची ती वर्षं परत येत नाहीत. माफ कर म्हटलं तर ती माझीच समजूत घालत बसेल, ती समजूतच मला नको आहे.

हे तिला वाचून दाखवू नकोस. हे तरी ऐक माझं. मला तोंडानं म्हणू दे. सुटली, असं तिच्यासमोर, तिचा हात धरून, एकदा. डॉक्टर गुडघ्यांचं काहीबाही सांगतात, छातीचंही सांगतात, मी ते तुझ्या मामाला सांगितलेलं नाही. पिंपळवंडी काही परदेशात नाही बाई. पुढच्या रविवारी कॉलेजाला सुट्टी असेल ना? तिला काहीतरी कारण सांग आणि घेऊन ये. लवकर ये.