अंड्यावरची रेघ

अंड्यावर नक्षी काढणारं हे यंत्र लेकीनं हौसेनं बनवलं आणि नोकरीसाठी बंगळुरूला जाताना माझ्याकडे ठेवलं. आज पेनाची रेघ अंड्याला वळसा घालून आली, पण सुरुवातीच्या टोकाला जुळली नाही. अंडं धरणाऱ्या रबरी वाटीचा स्क्रू सैल होता, म्हणून ते घसरत होतं. मला ते लगेच दिसलं. तरी तिला फोन केला.

"आई, मोटरची वायर बघ."

"बघते."

"पेन बदललंस?"

"बदलते."

एरवी तिचा फोन दोन मिनिटांत संपतो. आज वीस मिनिटं झाली. लेक दूर गेली की बोलायला निमित्त लागतं, आणि बिघाडासारखं निमित्त नाही.

शेवटी तीच म्हणाली, "अगं, स्क्रू आवळ की! एवढंही कळत नाही?"

मी आवळला. रेघ जुळली.

"जुळली का?"

"नाही अजून," मी म्हणाले.