साहेबीणबाईंना दिसलेलं वाकडं फूल

नव्या छापील सुती कापडाचा तुरट वास आला की मला वडिलांच्या साहेबांची बायको, आमच्या साहेबीणबाई, आठवतात. साठ सालाच्या आसपास, मी आठ वर्षांची असताना आमची जयपूरला बदली झाली होती, आणि ठशांनी चादर छापून घ्यायला जवळच्या सांगानेर गावी निघालेल्या बाईंनी मिरवायला म्हणून आईला नि मला सोबत घेतलं होतं. म्हाताऱ्या छपाईवाल्याने लाकडी ठसा माझ्या हातात दिला, तशा बाई फिसकन हसल्या, "हिला धड पेला उचलता येत नाही, ही काय छापणार!" आईसुद्धा ओशाळं हसली. बाई चहाला बाहेर गेल्यावर मी ठसा रंगात टेकवून कापडावर ठेवला नि त्यावर मूठ मारली. लाल फूल उमटलं. पुढची ओळ म्हाताऱ्याने भरली. बाई परत आल्या आणि भलत्याच फुलावर बोट ठेवून म्हणाल्या, "बघा, हे वाकडं, हिचंच!" ते म्हाताऱ्याचं होतं. तो अदबीने "जी, मेमसाब" म्हणाला आणि माझ्याकडे बघून मिशीत हसला. पुढे माझी लायकी ठरवणारे पुष्कळ भेटले. प्रत्येकाला मी मनात एवढंच म्हणते, आधी माझं फूल कुठलं ते दाखवा.